चहाची फ्रँचायझी घेताय? ३ लाखाच्या पुढचं पण मोजा

आमच्या अमरावती जिल्ह्यातल्या दर्यापूरला चहाची फ्रँचायझी टाकली तेव्हा माझ्या डोक्यात एकच आकडा होता, कंपनीची फी ३ लाख. कंपनीवाल्यानं व्हॉट्सॲपवर पाठवलेल्या पीडीएफमध्ये तेवढाच मोठ्या अक्षरात होता न भाऊ! त्यावर १८ टक्के जीएसटी, म्हणजे ५४ हजार, हे पैसे भरायच्या दिवशी समजलं. आणि ते क्रेडिटमध्ये परत भेटत नाही, कारण चहा-नाश्त्याच्या दुकानाला ५ टक्केवाला जीएसटी, त्यात इनपुट क्रेडिटच नाही, म्हणजे खरेदीवर भरलेला जीएसटी वळता होत नाही. कंपोझिशन, म्हणजे छोट्या धंद्यांची सोपी जीएसटी योजना, घेतली तरी नाही. गेले ते गेले.

मग रॉयल्टी, म्हणजे कंपनीचं नाव वापरायचा तिचा वाटा. ५ टक्के ऐकायला काहीच वाटत नाही, पण ती गल्ल्यावर असते, नफ्यावर नाही. दीड लाखाचा गल्ला झाला की साडेसात हजार, वर जीएसटी धरून ८,८५०, मग तुमच्या हाती काही उरो की न उरो. पावडर त्यांचीच घ्यायची, कप त्यांचेच, नागपूरहून येते त्याचं भाडं आपलं. इंटिरियरवालाही त्यांचाच, आपला गावचा सुतार अर्ध्यात करून देत होता पण चालत नाही म्हणे.

कागदपत्रं त्यामानानं सोपी. दोन-चार माणसांचं दुकान असलं तर शॉप ॲक्टची ऑनलाइन सूचना दिली की झालं, फूड लायसन पण नेटकॅफेतून होते.

खरा मार बसला तो मे महिन्यात. ४५ डिग्रीत दुपारी रोडवर कुत्रं नाही, चहा कोण पिते? जूनमध्ये सगळ्यांचा पैसा बियाणं-खतात. आपल्याकडं कापूस विकला की दिवाळी ते संक्रांत हात सैल, पण भाडं अन् दुकानातल्या पोराचा पगार बाराही महिने. म्हणून निदान ६ महिन्यांचा खर्च बाजूला ठेवूनच उतरा, हे मला कोणी सांगितलं नव्हतं. अन् कंपनी दाखवते ते पुण्याचं आउटलेट पाहून भुलू नका, एखाद्या तालुक्याच्या दुकानात दोन घंटे बसा आणि कप मोजा.

आता ३ वर्षांचा करार संपतोय, रिन्यूअलची फी वेगळी. बायको म्हणते, "बोर्ड काढा अन् आपलं नाव लावा, काऊन भरता?" पण करारात लिहिलंय की नंतर वर्षभर त्या जागी चहा विकायचा नाही. वकील म्हणतो १८७२ च्या कॉन्ट्रॅक्ट ॲक्टच्या कलम २७ पुढं, म्हणजे कोणाला धंदा करण्यापासून अडवणारा करार रद्द ठरवणाऱ्या कलमापुढं, असली अट टिकणं कठीण, पण त्यासाठी तारखा कराव्या लागतील, अन् त्याची फी त्यानं अजून सांगितली नाही.