पदकावरचं १८३० साल बघून हुरळू नका

येशूची आई मरिया हिच्या ‘चमत्कारी पदका’वर (कॅथलिक लोक गळ्यात घालतात ते छोटं पदक) १८३० दिसलं की लोकांना घबाड सापडल्यासारखं वाटतं. ते साल पदक घडवल्याचं नव्हे. पॅरिसमध्ये कॅथरीन लाबुरे या ख्रिस्ती जोगिणीला मरियेचं दर्शन झालं, त्याचं आहे. पहिली पदकं निघाली १८३२ मध्ये, आणि कालपरवाच्या अ‍ॅल्युमिनियमच्या पदकावरही १८३० असतंच.

खरी माहिती वरच्या कडीवर मिळते. दहापट भिंगाखाली कडी उजेडात हळूहळू फिरवा. फ्रेंच चांदी असेल तर रानडुकराचं डोकं (पॅरिस) किंवा खेकडा (इतर शहरं) असा शुद्धतेचा खसखशीएवढा ठसा सापडतो. दोन्ही १८३८ पासूनचे. कडी नंतर बदललेली असू शकते, म्हणून पदकाची कडाही तपासा. इटालियन पदकांवर बहुधा ८०० किंवा ९२५ हा आकडा, म्हणजे हजारात चांदीचे भाग किती ते. नाकावर, हातांवर पिवळट झाक दिसली तर तो चांदीचा नुसता मुलामा.

भाव वजनावर काढू नका. दोन-तीन ग्रॅममध्ये चांदी ती किती? पैसे मिळतात कारागिराच्या सहीचे, शाबूत मीनाकामाचे, ठसठशीत उठावाचे. विक्रेत्यांनी मागितलेल्या किमती सोडा, प्रत्यक्ष विक्री झालेल्या बघा.

आणि काळपटपणा घासू नका. मी एकदा टूथपेस्ट लावून बसलो. पदक चकचकीत झालं, संताचा चेहरा मात्र गेला.