वखरपाळीआधी टिटवीचं घरटं कसं राखावं

मृगाची पेरणी जवळ आली की आमच्या परभणी भागात वखर आणि रोटाव्हेटर एकदमच रानात उतरतात, आणि नेमकी तेव्हाच टिटवी अंड्यांवर असते. मार्च ते ऑगस्ट हा तिचा हंगाम. म्हणून रानात वखराची पाळी घालायच्या आदल्या दिवशी सकाळी रानातून एक फेरी माराच.

डोक्यावर घिरट्या घालत 'टिट्-टिटिव्' ओरडायला लागली की घरटं जवळपास आहे असं समजा. पण ती ओरडते तिथं शोधू नका. तुम्हाला लांब न्यायलाच तिचा तो आकांत असतो. मागं फिरा, धुऱ्यावरच्या, म्हणजे बांधावरच्या, बाभळीखाली गप बसा. ती लांब उतरेल, थोडं पळेल, थांबेल, पुन्हा पळेल आणि एका जागी अंग टेकवेल. ती जागा पलीकडच्या एखाद्या झाडाच्या रेषेत धरा आणि खाली बघत जा. नुसती उथळ खळगी असते, काठाला खडे, कधी शेळीच्या लेंड्या. अंडी बहुधा चार, मातकट, काळ्या डागांची. मुरमाड रानात पायाशी असली तरी दिसत नाहीत.

दिसली की लगेच बाजूला व्हा. सालगड्याला मी हेच आधी सांगतो. मे महिन्यात इथं पारा 42 च्या वर जातो. भर दुपारी टिटवी ऊब द्यायला नाही, अंड्यांवर सावली धरायला बसलेली असते. पोटाची पिसं पाण्यात भिजवून येते, अंडी गार करते. नर-मादी आळीपाळीनं बसतात. तुम्ही फोटो काढत थांबलात तर तेवढ्यात अंडी भाजतात.

अंडी उचलून धुऱ्यावर ठेवू नका. खाटेएवढी जागा न वखरता, न पेरता सोडा. खुणेच्या काठ्या चार-पाच पावलं लांब रोवा. अगदी जवळची काठी कावळ्यालाही घरटं दाखवते. ट्रॅक्टरवाल्याला स्वतः नेऊन दाखवा, तिथं औजार उचलून घ्यायला सांगा.

रात्री टिटवी ओरडली की अपशकुन मानून दगड मारणारे अजून आहेत. अहो, कोल्हा नाहीतर मांजर घरट्याकडं निघालं म्हणून ती ओरडते!

अंडी फुटायला साधारण चार आठवडे लागतात. पिल्लं लवकरच चालू लागतात आणि आईनं आवाज दिला की ढेकळाशी निपचित पडतात. असं पिल्लू आजारी नसतं, उचलून घरी आणू नका. तेवढे दिवस आखाड्यावरचं, म्हणजे शेतातल्या वस्तीवरचं, कुत्रं बांधून ठेवा.