इंग्लंड-वेल्सच्या व्हिनयार्डला जाताय? आधी परतीची टॅक्सी सांगून ठेवा

परतीची टॅक्सी. हे आधी लिहून घ्या, मग बाकीचं वाचा. जायची नाही, परतीची. जाताना काय, स्टेशनबाहेर एखादी उभी असते, नसली तरी सगळे ताजेतवाने असतात, कुणी बस शोधतं, कुणी म्हणतं चला चालत. खरा घोळ संध्याकाळी पाच-साडेपाचला होतो, टेस्टिंग रूमवाली पोरं खुर्च्या आवरायला लागतात आणि तुम्ही शेताच्या मधोमध उबर उघडून बसलेले असता आणि त्या नकाशावर एकही गाडी नसते. गावात टॅक्सीवाले मोजून दोन-तीन, शनिवारी त्यातला एक लग्नाच्या भाड्यावर, दुसरा फोन उचलत नाही, आणि वर्किंग डेला दुपारी तीन ते साडेचार म्हणाल तर सगळे शाळेची मुलं सोडण्यात बिझी. आम्ही गेल्या वेळी स्टेशनपर्यंत चालत आलो, फूटपाथ नाही, दिवे नाहीत, दोन्ही बाजूंना झुडपांच्या भिंती, समोरून गाडी आली की सगळे त्या झुडपात, हातात बाटल्यांच्या पिशव्या. ट्रेन गेली ती गेलीच. सासूबाई बरोबर होत्या, पुढचं लिहीत नाही.

जागा निवडताना लोक आधी फोटो बघतात, तुम्ही आधी स्टेशन बघा. यूकेत आता हजाराच्या वर व्हिनयार्ड्स, म्हणजे वाइनच्या द्राक्षबागा, आहेत, त्यातली बरीच केंट, ससेक्स, सरे, हॅम्पशायर या दक्षिणेच्या पट्ट्यात, म्हणजे लंडनहून एका दिवसात जाऊन येण्यासारखी. पण ‘लंडनपासून तासभर’ असं वेबसाइटवर लिहितात ते स्टेशनपर्यंतचं, पुढचे पाच-सात मैल तुमचे तुम्ही. पहिल्यांदाच जात असाल आणि टॅक्सीची कटकट नकोच असेल तर सरळ डॉर्किंगचं डेन्बीज धरा. १९८६ साली तिथे पहिली लागवड झाली, अडीचशे एकरांच्या वर बाग आहे, आणि मुख्य म्हणजे स्टेशनवरून पायी जाता येतं. टूरिस्टी आहे, हो, आहेच, गिफ्ट शॉप आणि बरंच काय काय, पण घरी येता येतं. टेंटरडेनजवळचं चॅपल डाऊन, आल्फ्रिस्टनचं रॅथफिनी, ऍपलडोरचं गसबोर्न, हॅम्पशायरमधलं हॅम्बल्डन (इथे १९५२ ला सर गाय सॉल्सबरी-जोन्स यांनी वेली लावल्या आणि आजच्या इंग्लिश वाइनच्या धंद्याची सुरुवात तिथून धरतात), या सगळ्या बघण्यासारख्या जागा आहेत, पण सगळीकडे शेवटचा टप्पा गाडीचा. म्हणजे पुन्हा तेच.

बुकिंग. नाशिकला वीकेंडला मूड आला की गाडी काढली आणि पोचलो, तसं इथे करू नका. टूर ठरलेल्या वेळेला असतात आणि मे ते सप्टेंबर शनिवार आधीच भरतात. नायटिम्बरसारखी नावाजलेली जागा तर ठरावीक दिवशीच पाहुण्यांसाठी उघडते. छोट्या ठिकाणी मालक स्वतः फिरवतो, एक मेल टाकली की छान उत्तर येतं, आणि त्याच मेलमध्ये विचारून घ्या की इथला टॅक्सीवाला कोण, नंबर द्या. त्यांना माहीत असतो. हा प्रश्न विचारायला लाजू नका, रोज कुणीतरी विचारतं.

सीझन. आपल्याकडे नाशिकला तोडणी जानेवारी ते मार्चमध्ये, इथे सप्टेंबरचा शेवट ते ऑक्टोबर. फेब्रुवारीत गेलात तर तारांना बांधलेल्या काटक्या दिसतील, फोटो येणार नाहीत. एप्रिल-मेमध्ये पालवी असते पण तेव्हाच रात्रीच्या फ्रॉस्टची धास्ती, काही ठिकाणी ओळींमधून मोठमोठ्या मेणबत्त्या पेटवून ठेवतात कोंब वाचवायला, गाइडला त्याबद्दल विचारा, माणूस खुलतो. जूनमध्ये इंग्लिश वाइन वीक असतो, कार्यक्रम जास्त आणि गर्दीपण जास्त. मला विचाराल तर सप्टेंबरचा पहिला पंधरवडा, घड लागलेले असतात, रंग भरलेला असतो आणि तोडणीची धांदल सुरू झालेली नसते. तोडणीच्या ऐन आठवड्यात जाऊन मालकाला प्रश्न विचारू नका, तो झोपलेला नसतो.

गाडी घेऊन जाणार असाल तर कोण पिणार नाही ते घरी ठरवा, तिथे जाऊन नाही. ‘घोट घोट तर आहे’ हे सगळ्यात धोकादायक वाक्य. एक टेस्टिंग माप पंचवीस ते पन्नास मिली, सहा वाइन्स झाल्या तर दीडशे ते तीनशे मिली, वर कुणीतरी आग्रह करून एक ग्लास घेतोच. इंग्लंड-वेल्समध्ये मर्यादा १०० मिली रक्तात ८० मिलिग्रॅम अल्कोहोल, स्कॉटलंडमध्ये २०१४ पासून ५०, पण याचा अर्थ किती घोट असा हिशोब कुणी देऊ शकत नाही, वजन, जेवण, माणूस सगळं वेगळं. लायसन्स गेलं की इथे नोकरीपण जाऊ शकते. ड्रायव्हरसाठी काही ठिकाणी छोट्या बाटल्या घरी न्यायला देतात, विचारा. आणि कुणीच ‘मी पीत नाही’ म्हणायला तयार नसेल तर मग काय करायचं ते तुम्हाला पहिल्या ओळीत सांगितलंय. जाताना त्याच टॅक्सीवाल्याला परतीची वेळ सांगा, त्याचा नंबर घ्या, वेळ मेसेजवर लिहून घ्या, आणि दुपारी चारला पुन्हा कन्फर्म करा. वायफायवरून करा, कारण बऱ्याच ठिकाणी नेटवर्क नसतं.

थोडा अभ्यास करून जा, फार नको. एक गोष्ट पाठ करा, ‘इंग्लिश वाइन’ म्हणजे इंग्लंडमध्ये पिकलेल्या द्राक्षांची, ‘ब्रिटिश वाइन’ म्हणजे बाहेरून आणलेल्या द्राक्षरसाच्या कॉन्सन्ट्रेटपासून इथे बनवलेली, सुपरमार्केटमध्ये खालच्या फळीवर स्वस्तात मिळते ती. टेस्टिंगला बसून मालकाला ‘तुमची ब्रिटिश वाइन छान आहे’ म्हणालात तर तो हसेल पण आतून हसणार नाही. इथला खरा जोर स्पार्कलिंगवर, म्हणजे फेसाळ वाइनवर, शार्डने, पिनो न्वार, पिनो म्यूनिए, म्हणजे शॅम्पेनचीच द्राक्षं, पद्धतपण तीच, दुसरं आंबवणं बाटलीतच. दक्षिणेच्या टेकड्यांखाली खडू आहे, फ्रान्सच्या शॅम्पेन प्रांतातही खडू, आणि हवा तापत चालली तसं फ्रेंचांचंही लक्ष इकडे वळलं, तेतँजे या शॅम्पेनवाल्या कंपनीनं २०१५ ला केंटमध्ये जमीन घेतली ती उगाच नाही. इंग्रजांना मात्र यात जुना अभिमान आहे, ख्रिस्तोफर मेरेट नावाच्या माणसानं १६६२ मध्ये रॉयल सोसायटीपुढे सांगितलं होतं की साखर घालून वाइनला फेस आणतात, आणि ज्याला लोक शॅम्पेनचा जनक म्हणतात तो फ्रेंच साधू डॉम पेरिन्यॉन त्याच्या मठात पोचला १६६८ ला. ही गोष्ट गाइड सांगणारच, आश्चर्य दाखवा.

साध्या, म्हणजे फेस नसलेल्या, वाइनमध्ये बाकस नावाच्या पांढऱ्या द्राक्षाची मागा. एल्डरफ्लॉवर, कापलेल्या गवताचा वास, आपल्या जेवणाबरोबर चांगली जाते. आणि आंबटपणाची मनाची तयारी ठेवा, पहिला घोट कैरीसारखा दात आंबवणारा लागू शकतो. थंड देश, द्राक्षात आम्ल जास्त राहतं, म्हणून तर स्पार्कलिंग जमतं. पहिल्या घोटावर तोंड वाकडं करून ‘सुलाची बरी होती’ म्हणू नका, दुसरा घ्या, काहीतरी खाऊन तिसरा घ्या. बाटलीवरचं सालही विचारा, इथे सालासालात फरक खूप. २०१८ ला ऊन भरपूर, पीक भरपूर, २०२४ ओलं आणि पीक कमी.

वेल्सला जाणार असाल तर वरचं सगळं दुप्पट जपून. तिथे व्हिनयार्ड्स कमी, लहान, आणि सुंदर. टिंटर्नला वाय नदीच्या वरच्या उतारावर पार्वा फार्म आहे, कार्डिफजवळ लॅनर्ख, अबरगॅव्हेनीजवळ व्हाइट कासल, त्यांची पिनो न्वार मिळाली तर सोडू नका, वेल्समध्ये लाल वाइन होते यावर माझा तरी विश्वास नव्हता. पाऊस जास्त म्हणून सोलारिस, राँडो, सेवाल ब्लाँ अशी रोगाला टिकणारी द्राक्षं जास्त दिसतील. वेळ असेल तर कार्डिफच्या उत्तरेला कासल कॉखपण बघा, तिथे ब्यूटच्या मार्क्विसनं १८७५ ला वेली लावल्या होत्या, लोकांनी भरपूर थट्टा केली तरी तो खटाटोप चालला पहिल्या महायुद्धापर्यंत, मग वाइनमध्ये घालायला साखर मिळेना आणि बंद पडलं. पण अबरगॅव्हेनी स्टेशनला उतरून ‘बघू काहीतरी मिळेल’ म्हणणाऱ्यांनो, मिळत नाही. रविवारी बस जवळजवळ विसराच. टॅक्सी. आधी. दोन्ही बाजूंची. इंग्लंडमध्ये एक वेळ कुणीतरी लिफ्ट देईल, त्या वेल्श घाटरस्त्यावर मेंढ्याच भेटतात.

रविवारची ट्रेनपण तपासा, रुळांची कामं काढतात आणि ट्रेनऐवजी बस लावतात. दोघं असाल तर टू टुगेदर रेलकार्ड, म्हणजे दोघांच्या तिकिटांवर सवलत देणारं कार्ड.

खाणं. रिकाम्या पोटी जाऊ नका, एवढं कळतं सगळ्यांना. शाकाहारी मंडळींसाठी मात्र नीट वाचा. टेस्टिंगबरोबर जी थाळी येते त्यात हॅम-सलामी असते, आधी सांगितलं तर चीजची देतात, पण चीजमध्येही दूध गोठवायला घालतात ते रेनेट वासराच्या पोटातलं असू शकतं. आणि खुद्द वाइन नितळ करायला कधी अंड्याचा पांढरा, कधी दुधातलं केसिन, कधी माशाच्या पिशवीपासून केलेलं आयसिंग्लास वापरतात. अंडं-दूध वाइनमध्ये उरलं असेल तर लेबलवर लिहावं लागतं, या माशाचं लिहावं लागत नाही, त्यामुळे ‘व्हेगन’ असं छापलेली बाटली मागायची, बऱ्याच जणांकडे असते. आईबाबांना घेऊन जाताय आणि ते कडक असतील तर हे घरीच विचारून घ्या, टेबलावर नको. मुलं चालतात का ते ठिकाणानुसार, फोन करा. थेपले-चिवडा पर्समध्ये ठेवा पण त्यांच्या टेबलावर उघडू नका, गाडीत खा.

कपडे-बूट: पाऊस पडणार. पांढरे स्नीकर्स नकोत, खडू-मातीचा चिखल निघत नाही. हील्स अजिबात नकोत. परफ्यूम-अत्तर मारून येऊ नका, शेजारच्याला वाइनचा वासच येत नाही आणि तो बिचारा पैसे देऊन आलेला असतो.

थुंकायचं भांडं असतं, वापरा, कुणी काही म्हणत नाही. पाणी पीत राहा. एका दिवसात दोन जागा पुरे, तिसरी लक्षात राहत नाही.

खरेदी: बाटली सुपरमार्केटपेक्षा तिथे स्वस्त असेलच असं नाही. जी बाहेर मिळत नाही तीच घ्या. सहाची केस घ्यायची असेल तर घरी डिलिव्हरी सांगा, उचलून स्टेशनवर चढायचा विचारही नको. निघायच्या अर्धा तास आधी टॅक्सीवाल्याला फोन केला का? केला असेल तर बिल द्या.

घरी स्पार्कलिंग अंधारात ठेवा, फ्रिजच्या दारात महिनोन्महिने नको. भारतात न्यायची असेल तर माणशी दोन लिटर ड्यूटी फ्री, म्हणजे पाऊण लिटरच्या दोन बाटल्या बसतात, तिसरी नेली की सव्वादोन लिटर होतात. चेक-इन बॅगेतच, जीन्समध्ये गुंडाळून, वर प्लास्टिकची पिशवी.