केबल ट्रेचा बेंड मागवण्याआधी सुतळी गुंडाळा

ट्रेला (केबल ज्यात टाकतात त्या पत्र्याच्या पन्हळीला) ९० अंशांचा बेंड, म्हणजे वळणाचा तुकडा, बसतो, पण जाड आर्मर्ड (धातूचं कवच असलेली) केबल त्यात वळतच नाही. बेंडची त्रिज्या दुकानात जे मिळेल त्यावर नको, सर्वांत जाड केबलवर ठरवा.

१. त्या केबलभोवती सुतळीचा एक वेढा घ्या.
२. वेढ्याच्या लांबीची चौपट करा. बेंडची आतली त्रिज्या किमान तेवढी हवी. ४० मिमी जाडीच्या केबलला वेढा साधारण १२६ मिमी, म्हणजे त्रिज्या ५०० मिमीच्या आसपास. (मल्टीकोर, म्हणजे आत अनेक वायर असलेल्या, आर्मर्डला जाडीच्या १२ पट लागते, त्यात हे बसतं. सिंगल कोरला, म्हणजे आत एकच वायर असेल तर, वेढ्याची पाचपट धरा.)
३. एवढा मोठा बेंड मिळत नसेल तर ४५ अंशांचे दोन घ्या, मध्ये सरळ तुकडा टाका.

साइटवर ट्रे कापलीत तर कडा कानसून झिंक पेंट (जस्ताचा रंग) मारा. केबल ओढताना धारदार कड तिचं आवरण सोलते.