पोटॅशियम २, ८, ९ नव्हे : इलेक्ट्रॉन संरूपण लिहिताना या चुका टाळा

पोटॅशियमचे इलेक्ट्रॉन संरूपण, म्हणजे अणूतील इलेक्ट्रॉनांची कवचांनुसार मांडणी, २, ८, ९ असे लिहिणाऱ्या विद्यार्थ्याने अभ्यास केलेला नसतो असे नाही, उलट बहुधा त्याला सूत्र चोख पाठ असते. कवचाच्या क्रमांकाचा वर्ग करून त्याची दुप्पट केली की के कवचात २, एल कवचात ८, एम कवचात १८ आणि एन कवचात ३२ इलेक्ट्रॉन मावतात. एम कवचात १८ ची जागा असताना पोटॅशियमच्या १९ इलेक्ट्रॉनांपैकी उरलेले ९ तिथे का बसू नयेत, असे त्याला वाटते. चूक इथेच होते, कारण सूत्र फक्त कमाल मर्यादा सांगते. कवचे कोणत्या क्रमाने भरतात याविषयी ते काहीच सांगत नाही.

हा क्रम कळण्यासाठी कवचाच्या आत डोकावावे लागते. एम कवचातील १८ जागा एकसारख्या नसून त्या एस उपकवचात २, पी उपकवचात ६ आणि डी उपकवचात १० अशा विभागलेल्या असतात. पोटॅशियमपर्यंत आल्यावर एन कवचाच्या एस उपकवचाची ऊर्जा एम कवचाच्या डी उपकवचापेक्षा कमी पडते, त्यामुळे एकोणिसावा इलेक्ट्रॉन एम कवचातील १० जागा रिकाम्या ठेवून पुढच्या कवचात जातो आणि संरूपण २, ८, ८, १ होते. बाह्यतम कवचात ८ पेक्षा जास्त इलेक्ट्रॉन नसतात, हा एरवी घोकला जाणारा नियम याच कारणातून आलेला आहे.

कॅल्शियमचे संरूपण २, ८, ८, २ होते आणि मगच एम कवचातील डी उपकवच भरू लागते. स्कँडियमचे संरूपण २, ८, ९, २ आहे. म्हणजे पोटॅशियमसाठी चुकीचा ठरलेला ९ हा आकडा दोनच घरे पुढे बरोबर ठरतो. जस्तापाशी एम कवच पूर्ण भरून २, ८, १८, २ होते. ज्यांनी ‘८ झाले की पुढचे कवच’ एवढेच लक्षात ठेवलेले असते, ते लोहाचे संरूपण २, ८, ८, ८ लिहितात. खरे संरूपण २, ८, १४, २ आहे. क्रोमियम (२, ८, १३, १) आणि तांबे (२, ८, १८, १) हे मात्र अपवाद आहेत आणि ते सरळ पाठ करणेच सोयीचे.

अणुअंकाऐवजी (प्रोटॉनांची संख्या) अणुवस्तुमानांक (प्रोटॉन आणि न्यूट्रॉन यांची एकूण संख्या) घेणे, म्हणजे सोडियमसाठी ११ ऐवजी २३ इलेक्ट्रॉन वाटत बसणे, ही घाईतली चूक बेरीज करताच सापडते. २, ८, ९ ची बेरीज मात्र बरोबर १९ येते, म्हणून केवळ बेरजेवर विसंबू नये. पहिल्या दोन गणांतील मूलद्रव्यांत शेवटचा आकडा आवर्तसारणीतील गणाशी (उभ्या स्तंभाशी) जुळतो का, हेही पाहावे. पोटॅशियम सोडियमखाली पहिल्या गणात आहे, तेव्हा त्याच्या बाह्यतम कवचात १ च इलेक्ट्रॉन हवा.

आयन (इलेक्ट्रॉन गमावून किंवा घेऊन प्रभारित झालेला अणू) लिहिताना आणखी एक गफलत होते. लोहाच्या अणूत डी उपकवचातील इलेक्ट्रॉन शेवटी आले, म्हणून तेच आधी बाहेर पडतील असे समजून दोन धनप्रभाराच्या आयनाचे संरूपण २, ८, १२, २ असे लिहिले जाते. प्रत्यक्षात आधी बाह्यतम कवचातील २ इलेक्ट्रॉन जातात आणि २, ८, १४ उरते. तिसरा इलेक्ट्रॉन गेला तरच एम कवचाला हात लागतो आणि २, ८, १३ होते.