परभणीत घरापुढं काँक्रीट करून घेणार असाल तर

बदल्यांच्या हंगामात कोकणातून, सातारा-सांगलीकडून दरवर्षी नवी मंडळी परभणीत येतात. प्लॉट घेतात, घर बांधतात. गेटपासून पोर्चपर्यंतचं काँक्रीट मात्र भेटेल त्या गुत्तेदाराला (इथं ठेकेदाराला गुत्तेदार म्हणतात) उक्तं देऊन टाकतात आणि सुट्टीला गावी निघून जातात. तिथंच घोळ होतो. मी मूळचा रत्नागिरीकडचा. आपल्याकडे जांभ्यावर काहीही ओता, बसतं. इथं तसं नाही.

इथली काळी माती पाणी प्यायली की फुगते आणि उन्हाळ्यात आकसून इतकी फाटते की भेगेत हात जातो. तिच्यावर थेट ओतलेलं काँक्रीट पहिल्याच पावसाळ्यात उचललं जातं. आमच्या कॉलनीत साताऱ्याच्या एका जोडप्याला गुत्तेदार म्हणाला, "मालक, माती दाबून घेतो, मुरुमाचा खर्च कशाला?" यांना ते पटलं, कारण आकडा कमी आला. पावसाळ्यात मधला भाग फुगून वर आला, गेट उघडेना. सगळं फोडून, डबर ट्रॅक्टरनं बाहेर टाकून काम नव्यानं करावं लागलं. म्हणजे दुप्पट खर्च, आणि फोडायची मजुरी वेगळी.

म्हणून बाकी काही ऐकलं नाहीत तरी चालेल, एवढं ऐका. काळी माती निदान दोन फूट काढायची. कठीण मुरूम सहा-सहा इंचांच्या थरांनी भरायचा. प्रत्येक थराला पाणी मारून धुमसानं नाहीतर छोट्या रोलरनं दाबायचं. त्यावर दगडी सोलिंग, म्हणजे हातानं रचलेल्या दगडांचा थर, आणि मग काँक्रीट. मुरूम एकदम टिपरभर पसरून वरून पाणी सोडलं म्हणजे दाबला असं नव्हे. एकदा वर काँक्रीट पडलं की खाली काय आहे ते कुणालाच दिसत नाही, म्हणून रजा टाकायचीच असेल तर मुरूम दाबायच्या दिवशी टाका. ओतायच्या दिवशी बघायला तर गल्लीतली पोरंही येतात.

गाडी उभी राहणार असेल तर जाडी पाच इंच धरा. वीस बाय दहा फुटांच्या जागेला ८३ घनफूट माल लागतो. चार इंचच ओतलं तर पाचवा हिस्सा गुत्तेदाराच्या खिशात. ओतायच्या आधी कडेला पाच इंचांच्या फळ्या लावून घ्या, मग वाद राहत नाही. उतार रस्त्याकडे, आठ फुटांना एक इंच. आठ-दहा फुटांवर जोड, म्हणजे मुद्दाम ठेवलेल्या सरळ फटी, हवेत, नाहीतर काँक्रीट आपल्या मर्जीनं तडकतं. पाणी जास्त घातलं की माल सरसर पसरतो, मजूर खूश होतात आणि काँक्रीट कमजोर होतं. सिमेंटच्या एका गोणीला पंचवीस लिटरच्या आसपास, त्यापुढे नाही.

वाळू-गिट्टी ब्रासवर येते. ब्रास म्हणजे शंभर घनफूट. टिपरचा हौदा आतून टेपनं मोजा, लांबी-रुंदी-उंचीचा गुणाकार करून शंभरानं भागा. ड्रायव्हर तोंड वाकडं करेल, करू द्या. वाळूच्या रॉयल्टीची पावती मागा.

पाणी मारण्याबद्दल कोकणातल्या माणसाला सांगावं लागतं. तिकडे हवेतच ओल असते. इथल्या एप्रिल-मेच्या उन्हात सकाळी ओतलेलं काँक्रीट संध्याकाळपर्यंत केसासारख्या भेगा दाखवतं. वर आळी करून किमान दहा दिवस पाणी साठवून ठेवा, चौदा झाले तर उत्तम. बोअर आटलेला असेल तर टँकर आधी ठरवा, काम नंतर. गुत्तेदाराच्या हिशेबात हे पाणी नसतं, ते तुमचंच.

डांबराचा मोह टाळा. गरम माल आणि रोलर या दोन्ही गोष्टी एवढ्याशा जागेसाठी धड मिळत नाहीत, मे महिन्यात मोटारसायकलचं स्टँड डांबरात रुततं आणि सांडलेल्या डिझेलनं डांबर सुटतं. "रस्त्याच्या कामाचा माल उरलाय, स्वस्तात टाकून देतो" म्हणणाऱ्याला चहा पाजून वाटेला लावा. तो माल तोवर थंड झालेला असतो, आणि कुणाचा उरलाय हेही विचारायला नको.

पैशाबाबत आपली माणसं भारी भिडस्त. इथले गुत्तेदार गोड बोलतात, घरच्यासारखे वागतात, आणि बहुतेक लबाड नसतातही. पण एकाच वेळी चार कामं धरतात. बाजाराच्या दिवशी मजुरांना द्यायला उचल मागतातच. द्या, पण झालेल्या कामापुरती: खोदाई झाली, मुरूम दाबला, काँक्रीट ओतलं, अशा टप्प्यांनी. शेवटचा हप्ता पाणी मारून संपल्यावर. कोपऱ्यातला मुरूम दाखवून "काम झालंच समजा" म्हणणाऱ्याला समजू नका. दर, जाडी, मुरुमाची खोली, माल कुणाचा, हे वहीच्या पानावर लिहून दोघांच्या सह्या. पुणेकर याबाबत हुशार, पण कागद करून झाला की साइटवर फिरकत नाहीत.

दिवाळीनंतर बरेच मजूर ऊसतोडीला जातात, मृगात पेरणीला. लातूर-धाराशिवकडची टोळी असेल तर येळवशीला, म्हणजे वेळा अमावास्येच्या शेतातल्या सणाला, कुणी येणार नाही, फोन करून त्रास देऊ नका. त्यापेक्षा त्यांच्याच शेतावर जेवायला बोलावणं आलं तर जा.