पडद्याच्या ऑपरेशनात ‘गेज’चा आकडा बघताना या चुका टाळा

“सिस्टर, सत्तावीसचं हाय का तुमच्याकडं? नसंल तर आम्ही पुण्याला जातो.”

गडहिंग्लजकडच्या एका पेशंटच्या मुलानं मला ओपीडीच्या दारातच विचारलं. वडिलांच्या डोळ्याच्या आतला पडदा, म्हणजे रेटिना, वरच्या बाजूनं सुटत आला होता. नेमकं बघायला लागतो तो मधला भाग, म्हणजे मॅक्युला, अजून जागेवर होता. अशा डोळ्याला एकेक दिवस मोलाचा असतो. कोल्हापुरात पडद्याच्या ऑपरेशनची ट्रॉली मी बरीच वर्षं लावतेय, आणि हा सत्तावीसचा, म्हणजे 27 गेजच्या हत्याराचा, प्रश्न आता फार वेळा कानावर येतो. म्हणून हे लिहितेय.

आकडा उलटा वाचणं

गेज म्हणजे डोळ्यात घालायच्या हत्याराच्या जाडीचं माप. त्याचा आकडा वाढतो तसं हत्यार बारीक होतं. 20 गेज म्हणजे साधारण 0.9 मिलिमीटर, 23 म्हणजे 0.6, 25 म्हणजे 0.5 आणि 27 म्हणजे 0.4. उद्यमनगरात शेतीपंपाची मोटर वाइंडिंगला टाकलेल्या माणसाला हे सांगावं लागत नाही. तिथंही 27 नंबरची तांब्याची तार 20 पेक्षा बारीक असते. इंजेक्शनच्या सुयांचाही हिशेब हाच. तरीही “27 म्हणजे जास्त पॉवरचं” असं समजणारे घरोघरी भेटतात.

बारीक तेच चांगलं, असं धरून चालणं

सगळ्यात जास्त घोळ इथं होतो. 1970च्या दशकाच्या सुरुवातीला डोळ्यांचे सर्जन रॉबर्ट मॅखेमर यांनी व्हिट्रेक्टॉमी, म्हणजे डोळ्यातलं जेल कापून ओढून काढायची शस्त्रक्रिया, सुरू केली, तेव्हाचं हत्यार 17 गेजचं होतं. पुढं 20 गेज आलं आणि वर्षानुवर्षं टिकलं. 2002 मध्ये 25 गेज आलं. त्यानंतर 27 यायला हवं होतं, नाही का? आलं ते 23, म्हणजे पुन्हा थोडं जाड, 2005 मध्ये. सुरुवातीची 25 ची हत्यारं लवायची, डोळा फिरवताना हाताला साथ द्यायची नाहीत, आणि जेलही हळू ओढायची. 27 गेज 2010 च्या सुमारास आलं. म्हणजे सर्जन मंडळीसुद्धा नुसती बारकाव्यामागं धावली नाहीत.

जेल हळू का ओढलं जातं, हे पाइपलाइन टाकलेल्या शेतकऱ्याला लगेच पटतं. अशा बारीक नळीत दाब तोच ठेवून आतला व्यास निम्मा केला, तर प्रवाह निम्मा होत नाही, सोळावा हिस्सा उरतो. ही उणीव भरून काढायला आजचे कटर मिनिटाला हजारो वेळा कापतात. काही तर 10,000 च्याही वर जातात. जेलचे तुकडे जितके बारीक, तितके ते बारीक नळीतून सुरळीत जातात.

त्यामुळं गेज ठरतं ते काम बघून. मॅक्युलावरची पातळ झिल्ली सोलायची किंवा मॅक्युलातलं छिद्र मिटवायचं, तर 25 किंवा 27 छान चालतं. मधुमेहात पडद्याला चिकटून बसलेल्या झिल्लीखाली 27 चं टोक अलगद शिरतं आणि कात्रीचं कामही करतं. पण पडदा दाबून धरायला भरतात ते जाड सिलिकॉन ऑइल त्याच 27 मधून भरायचं तर वेळ लागतो. आणि शिरोलीच्या एमआयडीसीत छिन्नीवर घाव घालताना लोखंडाचा कण उडून डोळ्यात शिरला असेल, तर तो बाहेर काढायला कणाएवढी वाट लागतेच. हत्यारं आत घालायची बाकीची छिद्रं बारीक ठेवून तेवढं एकच मोठं करतात. एकाच डोळ्यात दोन मापं वापरली म्हणून घाबरू नका.

गेजसाठी दिवस घालवणं

त्या मुलाला मी एवढं सगळं सांगितलं नाही. ओपीडीत गर्दी होती. “डॉक्टरांशी बोला” म्हणाले आणि पुढचा केसपेपर घेतला. ते लोक गेले. चार दिवसांनी दुसरीकडं ऑपरेशन झालं, हव्या त्या गेजनं. पडदा बसला, पण तोवर मॅक्युलाही सुटला होता. पुढं ते तपासणीला आमच्याकडंच यायचे. त्या डोळ्यानं दाराची चौकट आजही वाकडी दिसते म्हणतात. दोन मिनिटं थांबून मी नीट बोलले असते तर, हे मनातून जात नाही.

पडदा सुटतोय असं निदान झालं, तर पहिला प्रश्न एवढाच विचारा: “मॅक्युला जागेवर आहे का, आणि ऑपरेशन किती लवकर होईल?” गेज सर्जनला ठरवू द्या. त्यांचा हात ज्या मापावर बसलाय, त्याचीही किंमत मोठी असते.

‘बिनटाक्याचं’ या शब्दाचा चुकीचा अर्थ लावणं

23 पासून पुढं बहुतेक वेळा टाका लागत नाही. शेवटी हत्यारांसाठी बसवलेल्या नळ्या काढल्या की सर्जन कापसाच्या बोळ्यानं प्रत्येक छिद्र दाबतात आणि मायक्रोस्कोपमधून बघत राहतात. कडेला पाणी झिरपताना दिसलं की एक टाका घालतात, पुढं तो आपोआप विरघळतो. टाका घातला म्हणजे ऑपरेशन बिघडलं, असं नाही. गळकं छिद्र तसंच सोडलं तर डोळ्याचा दाब उतरतो आणि जंतू शिरायची भीती राहते.

आणि टाका नाही म्हणजे जखम नाही, असंही नाही. डोक्यावरून पाणी, गोठ्यातली धूळ, उसाच्या फडातलं काम डॉक्टर हो म्हणेपर्यंत बंद. दुखणं वाढत गेलं, डोळा लालभडक झाला किंवा नजर उतरली, तर दुसऱ्या दिवसाची वाट बघू नका, त्याच दिवशी या.

गॅस विसरणं

पडदा दाबून धरायला डोळ्यात गॅस भरला असेल तर गेज कुठलंही असो, नियम तोच. उंचीवर गेलं की गॅस फुगतो आणि डोळ्याचा दाब चढतो. उजळाईवाडीहून विमान धरायचं नाही, पन्हाळा चढायचा नाही, आणि कोकणात उतरलात तर परतीचा घाटही चढच असतो, हे ध्यानात ठेवा. दुसऱ्या कुठल्या ऑपरेशनसाठी भूल घ्यायची वेळ आली, तर डोळ्यात गॅस आहे हे आधी सांगा.

काही दिवसांनी नजरेत एक आडवी रेघ दिसायला लागते, मान हलवली की पाण्यासारखी हिंदकळते. पेशंट घाबरून फोन करतात. ती गॅसची कड असते. गॅस कमी होईल तशी ती रोज थोडी खाली सरकते, आणि तिच्या वरच्या बाजूनं दिसायला लागतं.